बिनशिवणीचा पाइप

४ फेब्रुवारी

दादा, तुझी साखर कशी आहे? गोळ्या वेळेवर घेतोस, की "आज बरं वाटतंय" म्हणून डबी तशीच कपाटात? वहिनी, कंबर काय म्हणते? भिंगरे, बसलेला घसा उठला का? ठिणगीभाऊ, डोळ्यांतलं पाणी थांबलं का? आणि मशीनबाई, तुमचा पट्टा परवापासून कुरकुरतोय, तुमचं काय दुखतंय?

दैनंदिनीत असं कुणी विचारत नाही, ठाऊक आहे मला. पण जन्मभर फक्त पत्रंच लिहिली. सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय माझं पेन पुढे सरकतच नाही, अडेलतट्टू घोड्यासारखं उभं राहतं. वाचणारी मीच. मला चालतंय.

वही काढायला कारण घडलं. माझी भाची भिंगरी, म्हणजे दादाची मुलगी, नोकरीला लागल्यापासून माझ्याकडेच राहते. ती आता गाड्यांच्या शर्यतीत उतरणार. हौशी लोकांची शर्यत. डॉक्टर, मास्तर, दुकानदार, सगळे रविवारी गाड्या पळवतात. पाय कधी जमिनीला लागला नाही म्हणून तर लहानपणी तिला हे नाव पडलं. दादा फोनवर म्हणाला, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गाडी उलटली तरी पोरीच्या केसाला धक्का लागणार नाही, असं तू सांग. तुझ्या शब्दावर माझं हो."

घ्या. मी गाड्यांच्या सीटा शिवणारी बाई. शब्द मात्र माझा.

९ फेब्रुवारी

क्लबाचे नियम भिंगरीने छापून आणले. शाळा सुटल्यावर मी जे वाचायला शिकले ते रेक्झिनच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून, त्यामुळे बारीक अक्षराला मी भीत नाही. दुपारभर बोट ठेवून वाचलं.

गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा. रोल केज म्हणतात. गाडी कोलांटी मारून छतावर पडली, तर वजन पिंजऱ्याने घ्यायचं, डोक्याने नाही. तो निवडायचा कसा, यावर घरात संसद भरली.

भिंगरीला हवा होता मागचा अर्धा पिंजरा. "आत्या, हलका असतो, काम पण लवकर होईल."

"पुढून आपटलीस तर?"

"पुढून कोण आपटतंय?"

"जे आपटतात ते सगळे हेच म्हणत असणार."

ठिणगीभाऊ कोपऱ्यात बसून हसत होता. हा आमचा वेल्डर. आमच्या शेडचा अर्धा भाग माझा, अर्धा त्याचा. मध्ये एक ताडपत्री. त्याच्याकडच्या ठिणग्यांनी माझ्या फोमला इतकी भोकं पडलीत, की खरं नाव त्याचं तोही विसरला असेल. मला आक्का म्हणतो. बायको गेल्यापासून दुपारचं जेवण माझ्याच डब्यात.

दुसरा मार्ग, नटबोल्टांनी बसवायचा तयार पिंजरा. तो आमच्या गाडीच्या छताला चिकटून बसत नाही, डोक्यापाशी हात आत जाईल एवढी फट राहते. मग राहिला तिसरा: पूर्ण पिंजरा, सहा पायांचा, गाडीच्या अंगाला वेल्ड केलेला. नियम म्हणतो, पाइप बिनशिवणीचा हवा, म्हणजे पत्रा वळवून कड जोडलेला नको, अखंड ओढलेला हवा. मागची मोठी कमान एकाच तुकड्याची. पायांखाली पट्ट्या. डोकं आपटेल तिथे गादी.

बिनशिवणीचा! हे वाचून मला हसू आलं. आयुष्यभर शिवणीवर पोट भरलं, आणि आता बिनशिवणीचं शोधायचं. पण खरं आहे ते. कुठलीही सीट आधी शिवणीतच उसवते.

"पूर्ण पिंजरा, जाड पाइप, नियमाप्रमाणे. नाहीतर दादाला माझा शब्द नाही," मी म्हटलं.

भिंगरीने माझ्या गळ्यात हात टाकले. "तू म्हणशील तसंच, आत्या." किती सरळ आहे पोर.

१२ फेब्रुवारी

पाइपवाल्याकडे गेलो तिघं. दुकानदार बोलायला खडूस. मी प्रत्येक पाइपमध्ये बोट घालून बघत होते, तर म्हणे, "आजी, लोखंड आहे, बांगडी नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच बघते. बांगडी फुटली तर नवी मिळते."

शेवटी जाड, आतून गुळगुळीत पाइप निवडला. एक टोक मी उचलून पाहिलं, खांदा अजून दुखतोय. ठिणगीभाऊ म्हणाला, "आक्का, यावर हत्ती उभा करा." भिंगरीने पण एक टोक उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. दमली असेल, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

बस डेपोच्या सीटांचं काम आलंय. आठवडाभर तिकडेच जाऊन शिवायचं. इकडे पिंजऱ्याचं काम माझ्या पाठीमागे होणार, याची रुखरुख. ठिणगीभाऊ म्हणतो, "मी आहे ना." तो आहे, म्हणून तर मी जाऊ शकते.

भिंगरीने वजनकाटा आणलाय. गाडीतून जे निघतं ते काढते आणि काट्यावर ठेवते: मागची सीट, गालिचा, दारांच्या आतले पत्रे, स्पेअर चाक. काल माझी कात्री ठेवली. मग माझ्याकडे बघितलं.

"खबरदार," मी म्हटलं.

"गाडीत बसणार नाहीयेस तू, आत्या. तू वाचलीस."

२५ फेब्रुवारी

डेपोचं काम उरकलं. काल शेडमध्ये आले तर पिंजरा उभा! काळा रंगही देऊन झाला. मला वाटलं होतं निम्मा झाला असेल. जोड इतके देखणे, की एकेकावरून मी हात फिरवला. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक थर.

"रंगाची एवढी काय घाई होती?" मी विचारलं.

"गंज धरतो, आक्का," ठिणगीभाऊ म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा पाणावलेत. काळी काच लावत नाही नीट, कितीदा सांगायचं?

जेवायला मात्र आला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. आजही तेच. डबा अर्धा परत न्यायची मला सवय नाही.

२ मार्च

तपासणी झाली! क्लबाचे तपासनीस आले होते. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. नियमच आहे, की मागच्या कमानीत एक छोटं भोक पाडून ठेवायचं. त्यातून आकडीसारखं माप आत घालून पाइपची जाडी बघतात. भोक कुठे पाडायचं ते भिंगरीनेच ठरवलं होतं, चालकाच्या खांद्यामागे, हाताला सहज येईल असं. तपासनिसांचा त्रास वाचावा म्हणून. त्यांनी आकडी घातली, वाचलं, मान डोलावली. बाकी जोड, पाय, पट्ट्या पाहिल्या. गाडीवर क्लबाचा शिक्का चिकटवला.

"काम कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मी ठिणगीभाऊकडे बोट दाखवलं. दुसरा कुणी असता तर छाती फुगवली असती. हा मान खाली घालून बुटाने जमिनीवरचा कचरा ढकलत राहिला. गुणी माणसाला कौतुक सोसत नाही.

दादाला फोन केला. म्हटलं, "माझा शब्द घे. छतावर हत्ती पडला तरी पोरीला काही होत नाही."

दादा म्हणाला, "झोप लागेल आता." त्याला आणि मलाही.

५ मार्च

पिंजऱ्याच्या गाद्या शिवायला घेतल्या. डोकं जिथे लागेल तिथे दाट फोम, वर काळं रेक्झिन, खालून दोरीने आवळायचं. हे माझं. यात कुणी हात घालायचा नाही.

बसवताना कात्री निसटून कमानीवर दोनतीनदा आदळली. तपासणीच्या भोकापाशी आवाज बद्द आला, बाकी सगळीकडे ठण्णकन. मी ठिणगीभाऊला विचारलं.

"वाकापाशी आवाज बदलतो, आक्का."

भोक वाकापाशी नाहीये, सरळ भागात आहे. पण लोखंडातलं मला काय कळतं?

रेक्झिन गुंडाळायला पाइपचा तुकडा हवा होता, म्हणून त्याच्या भंगाराच्या पिंपात हात घातला. पिंजऱ्याच्याच मापाचा एक तुकडा मिळाला. तो धावत आला. "आक्का, तो ठेवा, तुम्हाला दुसरा देतो. कडेला धार आहे त्याच्या."

"माझ्या बोटांना सुयांची सवय आहे," म्हटलं आणि घेऊन आले. किती जपतो माणूस!

७ मार्च

रेक्झिन गुंडाळताना त्याची कड पाइपच्या तोंडात अडकली. सोडवायला बोट आत घातलं.

आत शिवण आहे.

लांबच्या लांब, एका बाजूने उठलेली, नखाला लागते अशी. शिवण माझ्या बोटाला लपत नाही. मी तुकडा उचलला. करंगळीवर तोलता येईल इतका हलका.

पाइपवाल्याने आपल्या तोंडाला पानं पुसली! दाखवला एक, पोचवला दुसरा. बिचाऱ्या ठिणगीभाऊच्या लक्षातही आलं नसेल. उद्या दुकान उघडायच्या आधी दारात उभी राहते की नाही बघा.

८ मार्च

हे कसं लिहू?

सकाळी दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं होती. मी तुकडा त्याच्या गल्ल्यावर आपटला आणि तोंडाचा पट्टा सोडला. चोर म्हटलं, पोरीबाळींच्या जिवावर उठलेला म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "आजी, पाणी प्या. हा पाइप माझ्याकडचाच आहे. पण मी पोचवला नाही. तुमची मुलगी आणि तो वेल्डर येऊन बदलून घेऊन गेले."

"कोण मुलगी?"

"घसा बसलेली. तुम्ही निवडलेला जाड पाइप टेंपोत घालून परत आणला आणि हा पातळ नेला. मी विचारलं, आजींना चालेल का? म्हणाली, आत्यानेच पाठवलंय."

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी त्याची माफी मागितली असेन, आठवत नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते खोटं. जमीन तिथेच असते. आपल्यालाच पाऊल टाकता येत नाही.

शेडमध्ये दोघंही होते. मी तुकडा मध्ये ठेवला. कुणी विचारलं नाही, हे काय म्हणून.

"जाड पाइपने गाडी बैल झाली असती, आत्या," भिंगरी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "चढावर उठलीच नसती. सगळे थोडंफार करतात."

"आणि भोकात जाडी बरोबर कशी आली?"

ती ठिणगीभाऊकडे बघायला लागली. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तेवढ्या जागी आतून जाड कडं बसवलंय. बोटभर रुंद. भोक त्याच्यावरच पाडलं."

म्हणून बद्द आवाज. बोटभर खरं, बाकी अख्खा पिंजरा खोटा. आणि मी त्याच्यावर गाद्या शिवत बसले होते.

"तू?" मी त्याला म्हटलं. "तिचं समजतं, तिच्या कानात वारं शिरलंय. पण तू? कागदासारखा पाइप दुमडतो हे तुला माहीत नाही?"

"पोरगी रडली हो, आक्का, माझ्यापुढे."

"माझ्यापुढे का नाही रडली?"

भिंगरी म्हणाली, "कारण तू नाही म्हणाली असतीस."

हे उत्तर तिने असं दिलं, जसं काही त्यात माझीच चूक होती.

९ मार्च

मशीनवर बसले, धागा ओवता येईना. परका माणूस गळ्यावर सुरी ठेवतो. आपलं माणूस केसाने कापतं, आणि आपण म्हणतो, मानेला काहीतरी रुतलं वाटतं.

एकाच डब्यातलं खात होतो आम्ही. तेच मला पुन्हापुन्हा आठवतं. पोट बिघडलं नव्हतं त्याचं. घास उतरत नव्हता. निदान तेवढी लाज होती, असं मनाला सांगते. भिंगरी तर माझ्या हातचं पोटभर जेवत होती.

१० मार्च, रविवार

मी सांगितलं, उद्या तपासनिसांकडे जाते. भिंगरी पाया पडायची बाकी राहिली. म्हणाली, "आत्या, शिक्का गेला तर मला कुणी पुन्हा उभं करणार नाही. मी सतरा तारखेच्या शर्यतीतून नाव काढून घेते. पिंजरा कापते, तू म्हणशील तो पाइप लावते. पण क्लबाला सांगू नकोस. बाबांनाही नको."

रडली. या वेळी माझ्यापुढे.

ठिणगीभाऊ म्हणाला, "माझ्या हाताने बांधलेलं माझ्या हाताने कापवणार नाही, आक्का. पलीकडच्या गावात माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे नेऊन कापून आणतो. आठवडा लागेल." त्याचं हे बोलणं मला लागलं. कारागीर आहे शेवटी.

मी हो म्हटलं. माणूस चुकतं, सुधारतं. आपलीच पोर, तोडून कुठे टाकू?

गाडी टेंपोवर चढवताना गाद्या मी स्वतः काढून फळीवर ठेवल्या. कापताना ठिणग्या उडतात, फोम जळेल.

१३ मार्च

पाइपवाल्याकडून पुन्हा तोच जाड पाइप आणला. त्याने स्वतः आणून टाकला, वर म्हणाला, "आजी, बोट घालून बघा." मी पाहिलं. दोघंही थोडं हसलो. परक्या माणसाला माझी दया येते, अशी वेळ आली.

भिंगरी गाडीबरोबर गेलीय, तिचा फोन लागत नाही. ठिणगीभाऊचाही. त्या गावात नेटवर्क नसेल.

१७ मार्च, रविवार

दुपारी पाइपवरची धूळ पुसली, आणि सहज फळीकडे लक्ष गेलं. गाद्या नाहीत.

आधी वाटलं, मीच कुठे ठेवल्या. सगळी शेड उलथीपालथी केली. मग खाली बसले.

पिंजरा कापायला नेणाऱ्याला गाद्या कशाला लागतात? गाद्या लागतात गाडी चालवणाऱ्याला. गाडी गेल्यानंतर कुणीतरी त्यांच्यासाठी परत आलं होतं. किल्ली फक्त तिघांकडे.

तपासनिसांना फोन केला आणि सगळं सांगितलं; कडं, भोक, आवाज, शिवण. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आमच्याकडून तिने नाव काढलंय. पण आज घाटात चढणीची शर्यत आहे, दुसऱ्या क्लबाची. ते आमचा शिक्का बघून आत घेतात. थांबा, विचारून फोन करतो."

मी थांबले. फोन हातात धरून उभी राहिले, बसायचं सुचलं नाही. चढण, म्हणजे एका बाजूला दरी. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

फोन वाजला, तो दादाचा.

"अगं, फोटो बघितलास का? तिसरी आली! पोरगी तिसरी आली! हातात कप, शेजारी तुझा तो वेल्डर, दात काढतोय. तुझी वहिनी नाचतेय इथे. सगळं तुझ्या शब्दावर हं, मी सगळ्यांना तेच सांगतोय."

सुखरूप आहे. आधी तेवढंच कानात गेलं, आणि मी भिंतीला टेकले. मग बाकीचं पोचलं.

"दादा," मी म्हटलं, "पिंजरा खोटा आहे." आणि त्यालाही सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता हा ओरडेल. निदान पोरीवर तरी.

"पण काही झालं नाही ना तिला?" तो म्हणाला.

"नाही."

"मग? जिंकून आलीय. आजच्या दिवशी कशाला हे?"

मागे वहिनी कुणाला तरी पेढे आण म्हणत होती. मी फोन ठेवला.

१८ मार्च

तपासनीस स्वतः शेडवर आले. शिक्का रद्द केला, दुसऱ्या क्लबांनाही कळवलं. नवा पिंजरा तपासल्याशिवाय भिंगरीची गाडी कुठेच उभी राहणार नाही. जाताना म्हणाले, "मला आणखी एक भोक पाडून बघायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही आकडी घातली, मी तर डोळे झाकून मान डोलावली होती.

ठिणगीभाऊ आला, तो सामान न्यायला. ताडपत्रीच्या पलीकडे आवराआवर करत होता. एकदा म्हणाला, "आक्का, काही झालं तर नाही ना." तेच दादाचं वाक्य. दोघांनी मिळून पाठ केल्यासारखं. मी शिवत राहिले. डबा मी एकटीनेच उघडला.

भिंगरीची बॅग खोलीत नाही. दादाकडे असेल, नाहीतर मैत्रिणीकडे. फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. उद्या हेच पान फाडून दादाच्या पत्त्यावर पाठवीन.

भिंगरे,

कपाबद्दल अभिनंदन लिहायला घेतलं, पेन उठलं नाही. तू वाचलीस, ते पिंजऱ्यामुळे नाही. गाडी उलटली नाही म्हणून. एवढं तुला कुणी सांगणार नाही, कारण सगळे खूश आहेत.

शिक्का मी घालवला. तू विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर सांगितलं, म्हणून तू मला दगाबाज म्हणशील. म्हण. तू माझ्याशी खोटं बोललीस ते एकदा मी गिळलं. दुसऱ्यांदा मला रडून दाखवलंस, ते अजून घशात आहे. या घरात तुझ्या अश्रूंवर पुन्हा कधी विश्वास बसेल, ते मला ठाऊक नाही. पण घराचं दार तसंच आहे, कुलूप बदललेलं नाही.

जाड पाइप शेडमध्ये पडून आहे. दुसरा वेल्डर मी बघून ठेवलाय, बोलायला कडू, हाताला खरा. गाडी आण. मी समोर स्टूल टाकून बसेन, पहिल्या जोडापासून शेवटच्यापर्यंत. मग पळव, चढावर पळव, कुठेही पळव.

राग असेल तर रागच लिही. एकच ओळ लिही, शिवी असली तरी चालेल. पण लवकर लिही.

तुझी आत्या